बसंतीबाईचा चमचा

"माह्या मामानं लग्नात देल्ला वाढाचा चमचा तू कापला?"

देवीलाल अंगणात उभा राहून ओरडत होता. आतून बसंतीबाई म्हणाली, "कापला नाई. दांडी काढली फक्त. वाढाले पळी हाय न घरात."

"बाईमाणूस मासोळ्या धरते काय?"

"तुमी धरा मंग. मी बसते घरी."

धरणाचं पाणी पाहिलं की देवीलालला चक्कर येई, हे साऱ्या तांड्याला ठाऊक होतं. हे भांडण आम्ही शेजाऱ्यांनी कुडापलीकडून ऐकलेलं, म्हणून शब्दाला शब्द सांगता येतं. संध्याकाळी त्याच माणसानं मरळीचे दोन तुकडे मागून घेतले, तेही ऐकू आलं.

त्या चमच्याची राहिलेली वाटी म्हणजे बसंतीबाईची सारी मालमत्ता. एका टोकाला भोक पाडून बाटलीला गुंडाळलेली दोरी, दुसऱ्या टोकाला तीन आकड्यांचा गळ. ना काठी, ना गांडूळ. दसरा झाला, धरणाचं गढूळ पाणी निवळलं की बारीक मासोळी खडकाच्या कडेला येते आणि तिच्या मागं मोठी येते. बसंतीबाई खडकावरून चमचा भिरकावी, तळाशी बसू देई, मग झटका देऊन उचली आणि पुन्हा सोडी. पाण्यात तो असा चमके की मरळीला वाटावं, हे तर आपलं जेवण.

पुढं देवीलाल वारला. मुलगा राजकुमार पुसदला गॅरेजात लागला. बसंतीबाई तांड्यातच राहिली. मासोळी देऊन पीठमीठ घेई आणि कुणापुढं हात पसरत नसे. सून ममता वाईट नव्हती, पण पुसदच्या दोन खोल्यांत चहासुद्धा विचारून करावा लागे. ते बसंतीबाईच्यानं होत नव्हतं.

मग एका कार्तिकात ती शेवाळावरून घसरली. उजवा खांदा निखळला तो धड बसलाच नाही. राजकुमारनं वचन घेतलं, "याडी, आता खडकावर जायचं नाई. गेली तं मी तुले पुसदले नेतो."

आईनं मान हलवली. आणि आठ दिवसांनी डाव्या हातानं शिकायला बसली. पहिल्या दिवशी चमचा मागच्या बाभळीत अडकला, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लुगड्यात. महिन्याभरात मात्र पाण्यात पडू लागला.

पुढच्या दिवाळीआधी एका दांडग्या मरळीनं दोरीच तोडली आणि चमचा तोंडात घेऊन पळाली. चार दिवसांनी तीच मरळ बाबारावच्या जाळ्यात आली. बाबाराव धरणावर जाळी टाकणारा, सरळ माणूस. त्यानं चमचा धुऊन पाहिला, तर आत मशीनीनं नाव घातलेलं: बसंती देवीलाल राठोड. आता आपल्याकडं लग्नाकार्यात मागून आणलेलं भांडं नाव वाचून घरपोच करायची रीत. बाबाराव बाजाराला पुसदला निघालाच होता. त्यानं चमचा नेऊन राजकुमारच्या हातात दिला. वर म्हणाला, "तुमच्या घरचं भांडं हाय भाऊ. मरळीच्या तोंडात होतं."

दुसऱ्या दिवशी राजकुमार मोटरसायकल घेऊन दारात.

"पिशवी भर, याडी."

"भरते. आंधी घंटाभर खडकावर चाल. एक मासोळी नाई लागली तं गाडीवर बसते."

तो चिडला, पण गेला. बसंतीबाई आता उभी राहत नव्हती. बसूनच सरकत सरकत खाली उतरली, दगडाच्या खाचेत टाच रोवली, परत आलेला चमचा बांधला आणि डाव्या हातानं फेकला. अकरा वाजले होते. राजकुमार मोबाइल काढून बसला. काही वेळानं त्यानं मोबाइल मांडीवर ठेवला आणि आईची टाच पाहत राहिला. टाच तसूभर हलली नाही.

मासोळीही लागली नाही.

घंटाभरानं तिनं दोरी बाटलीला गुंडाळली. "चाल बापा. बोलली तशी बसते गाडीवर."

राजकुमारनं मोबाइलात वेळ पाहिली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"घंटा कुठी झाला अजून? कायले घाई करून राह्यली? टाक."

"तुह्या मोबाइलात किती वाजले?"

"तुले वाचता येते काय? टाक म्हनलं न!"

एक वाजता तो एकटाच पुसदला गेला. मासोळी लागली दीडला, पण ते पाहायला तो नव्हता. ममतानं त्याला काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं, ते इकडं आलं नाही.

त्यानंतर बसंतीबाईनं दोन दिवाळ्या पाहिल्या, आपल्याच घरात. दुसरीनंतरच्या एका बुधवारी सकाळी ती उठली नाही. आदल्या दिवशी मात्र ती बेबीताईच्या चक्कीवर आली होती. अर्ध्या किलोची मरळ पळसाच्या पानात गुंडाळलेली.

"लहान दिसते व बसंतीबाई," बेबीताई म्हणाली.

"लहान हाय त पीठ मोजून दे. पन डबा हलवून भर. तू वरूनच भरते."

बेबीताईनं डबा दोनदा आपटून भरला. बसंतीबाईनं झाकण लावलं, डबा डाव्या काखेत घेतला आणि भाकरी टाकायला घरी गेली.