दोन माणसांची गाडी

एखादी वस्तू जुनी झाली म्हणून टाकून देता येते, ही गोष्ट आमच्या शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांना जन्मात कुणी पटवू शकलं नाही. यवतमाळात दातांचे डॉक्टर पुष्कळ होते, पण दात काढायला नकार देणारा डॉक्टर हा एकच. हलणारा दात घेऊन माणूस खुर्चीत बसला की इतर दवाखान्यांत चिमटा निघायचा. आमचे डॉक्टर त्या दाताची चौकशी सुरू करायचे. कधीपासून हलतो, दुखतो की नुसताच हलतो, शेजारच्या दातांशी त्याचं कसं आहे. ते कापसाचे वाईट दिवस होते. खेड्यावरून येणारा जो तो म्हणायचा, "भरत नका बसू डॉक्टर, काढूनच टाका. चार चार खेपा कोण करीन?" यावर डॉक्टर भडकायचे. "दात काय कापूस आहे का बाप्पा? यंदा गेला तर पुढच्या साली पुन्हा पेरशीन?" असं म्हणता म्हणता एका हातानं त्याचा जबडा उघडून दुसऱ्या हातानं त्यांनी काम सुरूही केलेलं असायचं. माणूस दात घेऊनच घरी जायचा, त्याची इच्छा असो वा नसो.

अशा माणसाजवळ एक म्हातारी स्पोर्ट्स कार असावी यात नवल नाही. ती यवतमाळात असावी, हे मात्र नवल होतं. गाडी विलायती, लाल, बुटकी, दोनच माणसांची. नागपूरचे कुणी मोठे सर्जन परदेशी कायमचे निघाले तेव्हा डॉक्टरांनी ती त्यांच्याकडून घेतली, म्हणजे त्यांच्याकडे आली तेव्हाच ती तारुण्य ओलांडून बसली होती. तिला मुळात छप्पर होतं. ते फाटल्यावर चौकातल्या टेलरकडून ताडपत्रीचं शिवून घेतलं होतं, पण ते लावायला दोन माणसं लागत आणि काढायला तीन, म्हणून ते घरीच असायचं. वैशाखातल्या आमच्याकडच्या उन्हात डॉक्टर डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून, वर काळा चष्मा लावून निघाले की नवख्या माणसाला वाटायचं, कुणीतरी मोठा दरोडा घालून निघालं आहे आणि दुर्दैवानं गाडी अशी मिळाली आहे. गाडीच्या तळाला गंजून भोक पडलं तेव्हा डॉक्टरांनी ते कुठल्याही गॅरेजवाल्याला हात लावू न देता दाढ भरायच्या सिमेंटनं स्वतः भरलं. वर मला वाकून बघायला लावलं आणि विचारलं, "फिनिशिंग पाह्य. जीभ फिरवली तर लागणार नाही." मी जीभ फिरवली नाही.

त्या गाडीत बसणं ही एक विद्या होती. ती जमिनीला इतकी लागून होती की बसताना माणूस खाली खाली जातच राहायचा आणि आता रस्त्यावरच टेकतो की काय असं वाटेपर्यंत सीट लागायची नाही. शिवाय तिचं पोट रस्त्यावरच्या ब्रेकरला घासायचं. त्यावर डॉक्टरांनी काढलेला तोडगा असा, की ब्रेकर आला की शेजारच्या माणसानं उतरायचं, गाडी हलकी होऊन तिरपीतिरपी पलीकडे जायची, मग त्यानं चालत जाऊन पुन्हा बसायचं. बाभुळगावच्या रस्त्यावर तेव्हा दर गावाला ब्रेकर झाले होते. मी एकदा त्यांच्याबरोबर बाभुळगावला गेलो, तेव्हा गाडीत जास्त होतो की रस्त्यावर, हे मला आजही सांगता येणार नाही. एका गावी तर पाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "काहून उतरवून देते तुले तो घडीघडी? भांडण झालं का?"

हे उतरणं-चढणं न कुरकुरता करणारी व्यक्ती म्हणजे काकू, डॉक्टरांच्या पत्नी. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की काकू पदर खोचून बाहेर यायच्या, दोघं बाभुळगावच्या रस्त्यानं एका टपरीपर्यंत जायची, चहा प्यायची आणि परत यायची. गाडीच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, तरी दोघंही सगळा वेळ बोलत असायची. मी काकूंना एकदा विचारलं होतं, की तुम्ही बोलता तरी काय? काकू म्हणाल्या, "ते त्यांचं बोलते, मी माह्यं बोलते. घरी बसलो की मंग भांडण होते."

कापसाच्या दिवसांत त्या गाडीनं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. सरकारी खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग लागायची, ती पार दारव्हा रस्त्यापर्यंत यायची आणि पुढं सरकायचं नाव घ्यायची नाही. नंबर जाईल म्हणून कुणाला रांग सोडता यायची नाही. डॉक्टर रांगेच्या कडेकडेनं गाडी हळू चालवत ओरडायचे, "कोनाची दाढ दुखून राह्यली का?" गाल सुजलेला एखादा हमखास निघायचा. बैल शेजारच्याच्या भरवशावर सोडून तो गाडीत उतरायचा, दवाखान्यात जायचा आणि दाढ ठणकायची थांबवून परत आपल्या गाडीवर येऊन बसायचा; रांग तेवढ्यात जागची हललेली नसायची. रांगेतले लोक थट्टा करायचे, "डॉक्टर, ही तं आमच्या बैलाच्या पोटाखालून निंगून जाईन." त्या उदास रांगेत थोडं हसू यायचं ते ही गाडी आली की.

आणि मग काकूंचे गुडघे गेले. एकदम नाही, पण एका संध्याकाळी टपरीच्या अलीकडच्या ब्रेकरला त्या उतरल्या आणि परत त्यांना बसताच येईना. डॉक्टरांनी हात दिला, मी पाय आत कसे घ्यायचे ते सांगितलं, असं तिथला चहावाला सांगत होता; प्रत्यक्षात मी तिथं नव्हतोच, पण आमच्या गावात माझ्या माघारी मी पुष्कळ ठिकाणी असतो. शेवटी काकूंना येणाऱ्या ऑटोत बसवलं. ऑटो पुढं आणि त्याच्या मागं, त्याच्याच चालीनं, शेजारची सीट रिकामी ठेवून डॉक्टर, अशी वरात आमच्या गल्लीत आली. ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी गाडी लावली, दुपट्टा सोडला आणि मला म्हणाले, "विकून टाकतो. उंच गाडी घेतो."

मला वाटलं, झालं. पण ज्यानं हलणारा दात कधी काढला नाही, तो असा एका संध्याकाळीत गाडी काढेल होय? दुसऱ्या दिवसापासून 'ठेवू की विकू' या प्रश्नावर सगळ्या तालुक्याचं मत घेणं सुरू झालं. मत घ्यायची पद्धतही त्यांचीच. पेशंटचं तोंड उघडं, त्यात कापूस, वर दोन हत्यारं, अशा अवस्थेत ते विचारायचे, "तुमाले काय वाटते, ठेवू का विकू?" पेशंट "आँ, आँ" करायचा. "हां, मीबी तेच म्हनून राह्यलो," असं म्हणून डॉक्टर त्याचं मत जमेला धरायचे. त्या दिवशी जे त्यांच्या मनात असेल त्या बाजूनं सगळा तालुका असायचा.

मला या प्रकरणाचं भलतंच कुतूहल वाटू लागलं. हौस म्हणून गाडी सोडवत नाही, एवढं सोपं ते मला वाटेना. कारण नव्या गाडीचा शोधही ते तितक्याच मनापासून करत होते. काकू ओसरीतल्या ज्या खुर्चीवरून त्रास न होता उठतात तिची उंची त्यांनी दात साफ करायच्या दोऱ्यानं मोजली होती आणि तो दोरा खिशात घालून ते अमरावती-नागपूरच्या शोरूम पालथ्या घालत होते. विक्रेता इंजिनाचं सांगायला लागला की हे खाली वाकून सीटला दोरा लावायचे. एका शोरूममध्ये त्यांना शिंपी समजून सीटकव्हरवाल्याकडे पाठवलं होतं.

गिऱ्हाइकं येऊ लागली, तेव्हा तर मी दुपारची झोप सोडली. गाडी दाखवण्याआधी डॉक्टर गिऱ्हाइकाला दवाखान्याच्या खुर्चीत बसवायचे, दिवा लावायचे आणि 'आ करा' म्हणायचे. "ज्यानं आपले दात नाही सांभाळले तो माही गाडी काय सांभाळीन?" हा त्यांचा रोकडा हिशेब. बोरी अरबकडचे एक कापसाच्या जिनिंग मिलवाले आले होते, हौशी, जाडजूड, मोटारीचे शौकीन. त्यांच्या तोंडात पुढंच सोन्याचा दात निघाला. डॉक्टरांनी विचारलं, पहिला किडला होता काय? ते ऐटीत म्हणाले, नाही, चांगला होता, पण सोन्याचा बरा दिसते. डॉक्टरांनी दिवा विझवला. "हा मानूस चांगलं इंजिन काढून दुसरं बसवीन," असं मला कानात सांगून त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचे बंजारा गृहस्थ आले, निवृत्त मास्तर. त्यांचे दात पाहून डॉक्टरांचे डोळेच निवले. बत्तीसच्या बत्तीस, सरळ, पांढरे. डॉक्टर मला हाक मारून म्हणाले, "ये, पाह्य, असे पुन्हा पाह्यले भेटनार नाही." मास्तर बिचारे तोंड उघडं ठेवून मला दाखवत राहिले. गाडी त्यांना जवळजवळ दिल्यातच जमा होती. पण मास्तर गाडीभोवती फिरले, मागं पाहिलं, पुढं पाहिलं आणि अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सामान कुठं ठेवायचं हिच्यात? आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरले. ज्याच्यावर ओझं लादता येत नाही त्याले आमच्या घरी वाहन म्हनत नाही." आणि नमस्कार करून गेले. गाडीला नकार येऊ शकतो हे डॉक्टरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. 

न राहवून मी काकूंनाच विचारलं, तुमचं म्हणणं काय? काकू तांदूळ निवडत होत्या. "ते मले सोडून साऱ्यायले विचारून राह्यले," त्या म्हणाल्या. "मले विचारलं तं मी ठेवा म्हनीन, हे त्यायले मालूम आहे. आन् मंग ठेवा लागीन, आन् माही जागा रिकामी राहीन. म्हनून नाही विचारत." आणि तांदळातला खडा उचलून त्यांनी बाहेर टाकला. इतके दिवस मी ज्या माणसाला चक्रम म्हणत होतो तो किती मोठ्या पेचात होता हे मला तेव्हा कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

शेवटचं गिऱ्हाईक उमरखेडचं. मोबाइलच्या दुकानवाला पोरगेला तरुण आणि त्याची नवी नवरी. तरुण खुर्चीत बसला आणि डॉक्टरांनी दिवा लावला मात्र, त्यांचा चेहराच उतरला. दातांवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची तपकिरी पुटं. "खर्रा?" "कधी कधी, डॉक्टर." "कधी कधीनं असे नाही होत, बाप्पा." परीक्षा तिथंच संपली होती. पण बाहेर आम्ही पाहतो तो ती पोरगी गाडीपाशी उभी. तिनं ओसरीत बसलेल्या काकूंना विचारलं, "काकू, हिच्यात बसतात कसं?" काकू बसल्या जागेवरून सांगू लागल्या, "निऱ्या डाव्या हातात घे. आधी बस, घाबरू नको, सीट खाली आहे. आता दोनी पाय एकदम आत." पोरगी खाली खाली गेली, किंचाळली, आणि सीट लागल्यावर खळखळून हसली. मग तिनं शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि दवाखान्याच्या दाराकडे बघून नवऱ्याला हाक मारली, "या ना!"

"याले द्या," काकू म्हणाल्या.

"अवं, पन याचे दात पाह्यले का तू?"

"दात तुमी पाहा. मी तिले पाहून राह्यली."

 त्या तरुणाला पुन्हा खुर्चीत बसवून डॉक्टरांनी आधी त्याचे दात घासून स्वच्छ केले आणि मगच चावी दिली. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा ती दोघं काहीतरी बोलत होती, आणि त्यांना एकमेकांचं ऐकू येत नसणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

नवी गाडी पांढरी, उंच, चार दारांची आली. काकू दोऱ्याच्या मापात बरोबर बसल्या, अगदी सहज. पण पुढं बसलं की गुडघा दुमडून राहायचा आणि थोड्या वेळानं ठणकायला लागायचा. आठवडाभर त्यांनी सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी टपरीपाशी त्या उतरल्या आणि मागच्या दारानं आत जाऊन आडव्या सीटवर पाय लांब करून बसल्या. तेव्हापासून तीच त्यांची जागा झाली. दोनच सीटच्या गाडीत माणसाला शेजारीच बसावं लागतं, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मध्यंतरी डॉक्टरांनी मला फिरायला नेलं. पुढं मी, मागं काकू. बाभुळगावच्या रस्त्याला लागल्यावर माझं लक्ष समोरच्या आरशाकडे गेलं. तो पार खाली, मागच्या सीटकडे वळलेला होता. मी म्हणालो, "डॉक्टर, आरसा हलला वाटतं. मागून येणारा ट्रक दिसायचा नाही."

"ट्रकवाला हॉर्न मारते," डॉक्टर म्हणाले. "ही मारते का?"

मागं काकूंना डुलकी लागली होती. मी आरशाला हात लावला नाही. घरी येईपर्यंत मान वळवून वळवून मागचा रस्ता मीच पाहत राहिलो.