सुतकाच्या घरचं पाणी

पुंजाजीचं नाव निघालं की आज मी हात जोडते. तेव्हा मनातल्या मनात रोज शिव्या घालायचे. धरणात गाव गेलं आणि आम्ही वडनेरच्या कडेला नव्या वस्तीत आलो. गल्लीला एकच नळ, पाणी पाळीपाळीनं, आणि ते सोडणारा हा पुंजाजी, तोंडाचा फटकळ. पाळी संपली की पाणी बंद, मग बादली अर्धी असो की रिकामी.

माझी सासू गेली त्या दिवशी आमची पाळी नव्हती. जुन्या गावी स्मशानातून सगळे नदीत बुडी मारूनच घरी यायचे. इथं माणसं आंघोळीवाचून दाराबाहेर उन्हात ताटकळली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. पुंजाजीनं स्वतःच्या गल्लीचं पाणी आमच्याकडे वळवलं होतं.

संध्याकाळी त्याची बायको आशाबाई रिकामी घागर घेऊन दारात आली.

"आमच्या गल्लीले पाणीच नाही सोडलं यानं. एक घागर दे वो माय."

"आमच्या घरी सुतक हाय," मी म्हणाले. सुतकाच्या घरचं पाणी परकं माणूस पीत नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली, आणि आधी ओंजळ पुढे केली.