आरसेकाकांनी घासलेली फळी

आरसेकाकांनी उभं आयुष्य लाकडाला पॉलिश करण्यात घालवलं. त्यांच्या हातून गेलेल्या टेबलात बघून माणसाने भांग पाडावा, म्हणून हे नाव. पाण्याशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण हा गृहस्थ कधी घोट्याच्या वर भिजला असेल तर शपथ! आणि बायको मिळाली ती अशी, की लाटा दिसल्या की तिचा पाय घरात ठरत नसे. ती सर्फबोर्ड घेऊन पाण्यात, हे टॉवेल घेऊन काठावर. संसार असाच झाला, आणि झकास झाला.

ती गेली आणि तिची फळी (घरात सर्फबोर्डला सगळे फळीच म्हणत) शेडमध्ये धूळ खात पडली. मग एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, आईची फळी मला हवी. शोभेला नाही, लाटांवर न्यायला." काकांच्या अंगात वारंच शिरलं.

त्यांनी फळीवरचं, पाय घसरू नये म्हणून चोळलेलं जुनं मेण खरवडलं, फायबरच्या भेगा बुजवल्या. दुपारी उजेड दारातून आत यायचा, पिवळ्या पडलेल्या फायबरमधून पार आतल्या लाकडी पट्टीपर्यंत झिरपायचा, आणि काकांचा हात आपोआप मंदावायचा. फळीला अजून खारा वास होता. पॉलिश पेपरचा आवाज थेट लाट ओसरल्यासारखा यायचा. "बघ गं, तुझ्यापायी म्हातारपणी समुद्र घरात आला," ते बायकोला म्हणायचे, आणि उत्तर मिळाल्यासारखे हसायचे. जेवायला हाका मारून मारून लेक थकायची.

शेवटी राहिले मधोमध पडलेले दोन उथळ खळगे. पॉलिशवाल्याच्या डोळ्यात खड्डा सलतोच. काकांनी ते रेझिनने भरले, शीळ घालत घासून सपाट केले, आणि ऐटीत लेकीला बोलावलं.

लेकीने तोंडभर कौतुक केलं. मग तिचा हात फळीच्या मध्यावर आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"बाबा, आईचे गुडघे कुठे गेले?"

"काय?"

"ती गुडघ्यांवर बसून हातांनी वल्हवत जायची ना! दबून दबून तिथे खळगे पडले होते. लहानपणी मी त्यांत शिंपले ठेवायचे."

काका मटकन स्टुलावर बसले. काठावरून त्यांना ती ठिपक्याएवढी दिसायची. कशी बसते हे कुठून कळणार? तिच्या देहाची एवढी एकच खूण जगात उरली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली होती. त्यांना रडू आवरेना.

"परत खरवडून काढतो मी."

"तो नुसता खड्डा होईल, बाबा. आईचा नाही होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फळीला नवं मेण चोळलं आणि बापाला हाताला धरून ओहोटीच्या उथळ पाण्यातून लांबवर, कमरेएवढ्या पाण्यात नेलं. "बसा गुडघ्यांवर. मी धरलंय."

काका जीव मुठीत धरून बसले. फळी डुलली, डगमगली, मग हळूहळू सगळं संथ झालं. पाणी त्यांना जरासं वर उचलायचं आणि अलगद खाली ठेवायचं. ज्या काठावर ते जन्मभर उभे राहिले, तो इथून पुसट दिसत होता. हिला मी एवढाच दिसत असणार, त्यांच्या मनात आलं, आणि तरी ही दर वेळी हात हलवायची.

बाहेर आल्याबरोबर त्यांनी फळीवर अंगठा फिरवला. मध्यभाग होता तसाच सपाट.

"काहीच उमटलं नाही गं," ते हिरमुसून म्हणाले.

"एका दिवसात उमटतं होय? आईचा जन्म गेला त्यात," लेक फळी बगलेत मारत म्हणाली. "उद्या परत यायचं."