गोजाबाईचा अंगठा

१९५४च्या उन्हाळ्यात याकोब आणि एस्तेर हे नवरा-बायको सायकलीवरून निघोज्याला आले, तेव्हा मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. याकोब देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून, एस्तेर शिकलेली नर्स. दोघं मूळची बैतूलकडची, लुथरन ख्रिस्ती. देहूरोडला त्यांच्या मंडळींची पंधरा-वीस घरं होती आणि रविवारी एका पत्र्याच्या शेडमध्ये ती प्रार्थनेला जमत. चाकणपासून देहूरोडपर्यंतच्या गावांसाठी सरकारी दवाखाना मागायचा, असं त्यांनी तिथंच ठरवलं होतं. अर्ज चार पानी होता. मी पहिलं पान वाचलं आणि सही केली.

गाव मात्र हाताची घडी घालून पारावर बसलं होतं. लढाईच्या दिवसांत कुठल्याशा कागदावर अंगठे घेऊन जमिनी गेल्या, असं लोक सांगत. नानासाहेब पाटील म्हणाले, "आज अंगठा द्यायचा आन् उद्या म्हणायचं, तुमी आमच्यातले झाला."

सगळ्यांत पुढं गोजाबाई उभी होती. ती गावची सुईण. विसाव्या वर्षी नवरा गेला, सासूनं हे काम शिकवलं आणि पुढच्या तीसेक वर्षांत निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, माझी मुलगीसुद्धा. स्वभाव अतिशय संशयी. देवी टोचायला आलेल्या माणसाला तिनं आधी स्वतःच्या दंडावर टोचून दाखवायला लावलं होतं.

"आमच्या दुखण्याशी तुमाला काय करायचंय?" तिनं एस्तेरला विचारलं.

"आमचीही माणसं दगावतात, बाई. एकट्या आमच्या अर्जाला कोण विचारतं?"

"मग कागद एक दिस ठिवून जा."

याकोब घुटमळला. बायकोकडं बघून मग त्यानं एक नक्कल काढून दिली. त्याचं ते घुटमळणं गोजाबाईनं बरोबर टिपलं.

संध्याकाळी ती शाळेत आली. "वाच. समदं वाच, गाळू नगंस."

तिसऱ्या पानावर माझा आवाज खाली गेला. तिथं लिहिलं होतं, की अडाणी सुइणींमुळे बाळंतिणी आणि अर्भकं दगावतात, सबब अशा सुइणींना बाळंतपण करण्यास मनाई व्हावी.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली. मी वाचलं. तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग एवढंच म्हणाली, "आन् तू सही केलीस."

पुढच्या रविवारी ती देहूरोडला निघाली. मीही मागोमाग गेलो, लाजेनंच म्हणा. इंद्रायणी उतारातून ओलांडून आम्ही शेडपाशी पोचलो. एस्तेरनं पाणी पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. प्रार्थना संपेस्तोवर ती दारातच उभी राहिली, कोण काय करतंय हे निरखत. मग आत जाऊन तिनं विचारलं, "हे माज्याबद्दल लिवलंय ना?"

"तसं नाही, बाई. ते सर्वसाधारण आहे," याकोब म्हणाला.

"निघोज्यात दुसरी सुईण दाखवा."

एस्तेर पुढं आली. "बाई, नाळ कशानं कापता?"

"विळ्यानं."

"तो उकळत्या पाण्यात घालून?"

"धुऊन."

"आठव्या-नवव्या दिवशी पोरं ताठ होऊन जातात का?"

गोजाबाईचा चेहरा बदलला. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. शालनबाईचा थोरला, भैरूची दोन्ही जुळी, आक्काबाईची मुलगी. अकरावर ती थांबली.

"विळा उकळला असता तर यांतली काही वाचली असती," एस्तेर हळूच म्हणाली.

"तीस वर्सांत हे मला कुनी सांगितलं न्हाई." गोजाबाई मागं हटली नाही. "सांगायचं सोडून तुमी मना करायला निघालाय. मला काढलं तर अडलेल्या बाईपाशी कोन बसंल? तुमचा दवाखाना हुईस्तोवर ती थांबंल व्हय?"

मंडळीतला एक म्हातारा म्हणाला, चारशे अंगठे झालेत, आता अर्ज कसा बदलणार? एस्तेरनं पदर खोचला. "चारशेही पुन्हा घेऊ."

त्यांनी ते वाक्य खरोखरच काढलं. सुइणींना सरकारनं शिकवावं, कात्री आणि साबण द्यावा, असं घातलं आणि पावसाळ्याआधी सगळी गावं पुन्हा पालथी घातली. नवा अर्ज मी गोजाबाईला अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. तरी तिनं तो चाकणला नेला, पोस्टमास्तरकडून पुन्हा वाचून घेतला आणि दोघांचं जुळतंय अशी खात्री झाल्यावर अंगठा दिला. तिच्यापाठोपाठ गावानं दिले. नानासाहेबांनी दिला नाही.

उत्तर यायला दोन वर्षं लागली. निघोज्याला दवाखाना मिळाला नाही. चाकणला आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर येणार होता आणि पाच गावच्या सुइणींना पुण्यात तीन महिने शिकवणार होते. बावन्नाव्या वर्षी गोजाबाई पुण्याला गेली. शिकवणाऱ्या बाईंना तिनं इतके प्रश्न विचारले, की त्यांनी तिला पहिल्या रांगेतून मागं बसवलं, असं तीच सांगायची.

परतली तेव्हा गावात कुजबूज होती, की ही बाटली. महिनाभर तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. ती कुणापुढं खुलासे करत बसली नाही. मग एका सकाळी नानासाहेबांच्या सुनेला कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं. पाटलांचा गडी बोलावायला आला. गोजाबाईनं पोट चाचपलं आणि नानासाहेबांना सांगितलं, "माज्याच्यानं हे हुनार न्हाई. त्या एस्तेरबाईला आना."

पाटील स्वतःच बैलगाडी जुंपून देहूरोडला गेले. दुपारी दोघी बायका त्या खोलीत शिरल्या. दिवेलागणीला मूल रडलं. मुलगी झाली होती, आणि सूनही वाचली.