कप्तान रुक्मिणीसाठी धरणगावला

आधीच सांगते, धरणगावला कुणी फिरायला जात नाही. मी गेले होते माफी मागायला, तीही एका बॉयलरपायी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्याच्या होस्टेलवर आम्ही चौघी एक खेळ खेळायचो. पुण्याच्या मामेभावाने नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवली होती. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि फासे पडतील तसं घडायचं. वीस बाजूंचे फासे धुळ्यात कुठले मिळायला! आम्ही बिस्किटांच्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाकायचो. गोष्ट सांगणारी मी. माझं शहर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं: धुकं, गॅसचे दिवे, वाफेवर उडणारी जहाजं आणि धुराड्यांमध्ये राहणारे ड्रॅगन. कुंदाची कप्तान रुक्मिणी त्यातलंच एक जहाज चालवायची.

एका रविवारी त्या जहाजाच्या बॉयलरमधलं पाणी संपलं, चिठ्ठी निघाली एक नंबरची, म्हणजे सगळ्यात वाईट, आणि मी झोकात जाहीर केलं, बॉयलर फुटला, रुक्मिणी गेली!

"असं होत नाही गं," कुंदा म्हणाली.

"तुला काय कळतं यंत्रातलं?" मी फटकन बोलून गेले.

तिने त्याच आठवड्यात खोली बदलली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मार्चमध्ये परीक्षा झाली की ती कायमची घरी जाणार होती. मला अन्न गोड लागेना.

जानेवारीत एका शनिवारी ती घरी, धरणगावला गेली. रविवारी सकाळी मीही अमळनेरची एसटी पकडली. रस्त्याला खड्डे असे, की घोकलेलं माफीचं भाषण निम्मं तिथेच सांडलं. अमळनेरला गाडी बदलायची. पुढे पॅसेंजर मिळाली तर तीच घ्या, एसटीपेक्षा स्वस्त पडते. माझी तासभर लेट होती. स्टेशनवर भजी खाल्ली आणि एकच विचार करत बसले. तिने दारातूनच परत पाठवलं तर?

दार तिच्या वडिलांनी उघडलं. सगळे त्यांना आबा म्हणायचे. ते कापसाच्या जिनिंगमध्ये होते एवढंच मला ठाऊक; तिथे नक्की काय करायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. कुंदा मला बघून तडक स्वयंपाकघरात गेली. मग मी सगळं आबांनाच एका दमात सांगून टाकलं.

"पानी सरनं म्हनीसन बॉयलर फुटना? कोनी सांगं तुले?" आबा अहिराणीत म्हणाले आणि हसायलाच लागले. तीस वर्षं त्यांनी जिनिंगचा बॉयलर सांभाळला होता! कोनाड्यातून त्यांनी अंगठ्याएवढी पितळी गुल्ली काढली. मधे आरपार भोक. माझ्यासाठी ते मराठीवर आले, "यात शिसं भरलेलं असतं. पाणी उतरलं की ते वितळतं, वाफ भट्टीत सुटते आणि आग विझते. माझ्या हातून झालंय एकदा. शिव्या खाल्ल्या, पण मेलं कुणी नाही." मग गुल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "तुमनी बाई जित्ती शे!" म्हणजे रुक्मिणी जिवंत होती.

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. कुंदा पिठाच्या हातांनी दारात आली.

"सांगत होते ना मी?"

"हो गं. चुकलं माझं. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही."

"खेळातलंही," ती म्हणाली आणि हसली. हुश्श! मला तर रडूच फुटलं.

मग जेवले म्हणजे कशी! वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यातच जा आणि कुणाच्या तरी घरी जेवा. परतीच्या एसटीत कुंदा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. खड्डे तेच होते, पण मला एकही लागला नाही.

पुढच्या रविवारी चिठ्ठ्यांचा डबा निघाला. आबांनी दिलेली गुल्ली आम्ही मधोमध ठेवली. मी घसा खाकरून सुरुवात केली, "भट्टी विझली आहे, जहाज खाली चाललंय, वर ड्रॅगन घिरट्या घालतोय..."

"थांब," कुंदा म्हणाली. "नवी गुल्ली बसवायला किती वेळ लागतो, माहितीये तुला?"

मी झेरॉक्सचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "नाही," मी म्हणाले. "तू सांग."