शिवलेला जामीनअर्ज

बाइंडिंगच्या दुकानात पस्तीस वर्षं घालवलेल्या ताईंचा एक नियम होता: शिवायचं ते वाचायचं नाही. वाचत बसलं तर शिवणार कधी? त्यामुळे वकिलांनी धाकट्या भावाच्या जामीनअर्जाची चळत हातात दिली, तेव्हा ती त्यांनी न वाचता झकास शिवून टाकली. जाड पुठ्ठा, पाठीला कापड. आत तक्रारीची नक्कल, राहत्या पत्त्याचा दाखला, पासपोर्ट कधी काढलाच नाही असं प्रतिज्ञापत्र, आणि जामीनदार म्हणून ताईंच्याच दोन खोल्यांचे कागद. भाऊ पेन्शन कचेरीत कारकून. लाच घेताना सापडला, त्याला आज बारावा दिवस. उद्यापासून कोर्टाला पंधरा दिवस सुट्टी.

कोर्टात अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी तो ग्रंथ उलटसुलट करून पाहिला. "मावशी, हे काय, लग्नाचा अल्बम?"

"एक पान गळायचं नाही."

"अहो, पण मला प्रतिज्ञापत्र वेगळं लागतं, जामीनदाराचे कागद वेगळे. सुटे करून आणा. साडेअकराच्या आत."

ताई बाकावर बसल्या आणि केसांतल्या आकड्यानं टाके उसवू लागल्या. उसवताना मात्र पान बघावंच लागतं. तक्रारदार साठीची विधवा. नवऱ्याच्या पेन्शनसाठी सात खेपा. आठव्या खेपेला कारकून म्हणाला होता, "मावशी, कागद काय आपल्या पायांनी चालतो?" ते वाक्य ताईंना थेट भावाच्या आवाजात ऐकू आलं. आकडा थांबला.

वकील धावत आले. "ताई, आटपा!"

"हे त्यानं केलंय."

"ते खटल्यात ठरेल. आज एवढंच बघतात: तारखेला येईल ना, साक्षीदारांना त्रास देणार नाही ना, पळणार नाही ना."

"पळेल? लहानपणी पेरू चोरायला चौघं जायचे. तिघं पळायचे, हा सदऱ्यात पेरू धरून झाडाखाली उभा. पळता येत असतं तर सापडला असता का?"

"हे आत बोलू नका," वकील कळवळून म्हणाले.

ताईंनी उरलेले टाके उसवून कागद खिडकीत दिले. आत न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपी हजर राहिला नाही तर घर जाईल, माहीत आहे?"

त्या आठ खेपा काही ताईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"माहीत आहे. हजर करीन. बाकीचं मी बोलत नाही."

"बाकीचं विचारलेलंही नाही," न्यायाधीश म्हणाले आणि सही केली. अटी: बहिणीकडे राहायचं, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी अवाक्षर बोलायचं नाही.

संध्याकाळी दाढी वाढलेला धाकटा कोठडीत काढून घेतलेला स्वतःचा पट्टा हातात घेऊन बाहेर आला. ताईंनी सकाळपासून ठेवणीतले शब्द जमवले होते; ते तसेच ठेवून त्यांनी त्याच्या हातातला पट्टा पिशवीत टाकला. दोघं चालू लागले.

"वाचलंस?" त्यानं विचारलं.

"वाचलं."

"त्या बाईंकडे जाऊन माफी मागू?"

"मागितलीस तर परत आत जाशील. अट आहे."

बावन्न वर्षांचा तो बाप्या भर रस्त्यात रडायला लागला. ताईंनी पदराचं टोक पुढे केलं.

"खटला उभा राहिला की खरं सांग. ती समोरच बसलेली असेल. ऐकेल."

"मग नोकरी जाईल गं."

"गेलीच आहे रे, बाळा," ताई म्हणाल्या आणि रस्ता ओलांडायला त्यांनी त्याचं मनगट धरलं.