हातभर गुळवेल

पौडला लोकलबोर्डाच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा कुंपणावर गुळवेल माजली की शेजाऱ्याला हाक मारायचो. आळीतली सगळी कुंपणं तोच फुकट साफ करी. कोयत्याने वेल तोडून तुकडान् तुकडा जाळायचा. "बोटभर ऱ्हायली तरी फुटती, मास्तर." बांधाच्या भांडणात थोरल्या भावाशी बोलणंही त्याने असंच मुळापासून तोडलं होतं.

एकदा वेल जाळताना त्याची वहिनी आली. "भावजी, त्यांचा ताप उतरंना. काढ्याला हातभर द्या."

त्याने हातातला शेवटचा तुकडाही विस्तवात टाकला. "संपली."

ओली वेल जळेना, नुसती धुमसत राहिली. वहिनी धुरात उभी होती. कुंपण माझं, वेलही माझीच. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा माजणार होती, आणि हाक त्यालाच मारायची होती. मी गप्प बसलो.